आण्याच्या गाडीत एक जादा

१

मी गाडीत सगळ्यांकडं तिकीट मागत नाही. ज्याचं राहिलंय त्याच्याकडंच मागतो. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर आहे, आणि या एका बाबतीत मला थोडा गर्व आहे, तो असू द्या. नारायणगावच्या स्टँडवर माणसं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, दारात ढकलाढकली, पिशव्या, पोरं, सगळं एकदम आत येतं. मी दारापासून मागपर्यंत एकदा जातो आणि परत येतो. येताना ज्याचं तिकीट राहिलंय त्याच्यावर नजर आपोआप थांबते, बाकीच्यांवरून पुढं जाते. त्या बाकीच्यांचे चेहरे विचाराल तर मला एक सांगता येणार नाही. शर्टाचा रंगही नाही. पण नजरेला माहीत असतं, ह्याचं झालंय, हिचं झालंय. नवीन पोरं 'कोण राहिलंय, कोण राहिलंय' करत घसा फोडून घेतात, तेव्हा मला हसू येतं.

माझी ड्यूटी जुन्नर ते आणे. सकाळी पावणेनऊला जुन्नर सोडायचं, मग नारायणगाव, आळेफाटा, बेल्हे, गुळुंचवाडी, घाट, आणि वर पठारावर आणे. ड्रायव्हर दादाभाऊ. नऊ वर्षांची आमची जोडी आहे. घाटाच्या अलीकडं कधी कधी चेकिंगवाले उभे असतात, म्हणून बेल्हं सोडलं की मी दारापाशी उभा राहून सगळी गाडी एकदा नजरेनं मोजतो. दहा सेकंदांचं काम. तिकिटाच्या मशीनवर आत किती माणसं आहेत तो आकडा येतो. माझा आणि त्याचा जुळला की झालं.

संक्रांतीच्या आधीच्या सोमवारी मशीन म्हणालं एक्केचाळीस, आणि मी मोजली बेचाळीस.

परत मोजली, परत बेचाळीस. मांडीवरचं पोर मोजलं असेल म्हणून बघितलं, तर त्या दिवशी मांडीवर पोरच नव्हतं. शेवटी नाइलाजानं, नवीन पोरांसारखा, 'कुणाचं राहिलंय का' म्हणत मागपर्यंत गेलो. प्रत्येकानं तिकीट दाखवलं. गुळुंचवाडीला दोघं उतरले, आण्याला एकोणचाळीस. एकूण एक्केचाळीसच. मी मनात म्हटलं, राजरत्न, रिटायर व्हायला वीस दिवस राहिलेत, डोळ्यांनी आधीच रजा टाकलेली दिसतेय.

२

मंगळवारी एक जादा. बुधवारी एक जादा. परतीच्या फेरीला नाही, दुपारच्या ओतूर फेरीला नाही. सकाळच्या आण्याच्या गाडीतच.

मी चिडका माणूस आहे. हिशोब लागला नाही तर मला जेवण जात नाही. गुरुवारी मी पेन घेतलं आणि एकेका रांगेपाशी थांबून, सीटच्या दांड्याला हात लावून, तळहातावर रेघा ओढत गेलो. रेघा छत्तीस आणि मशीन छत्तीस. मग दारापाशी येऊन नेहमीसारखी नजर टाकली तर सदतीस.

म्हणजे हातानं मोजलं की बरोबर आणि डोळ्यांनी मोजलं की एक जादा. मी असं चार वेळा केलं. माणसं बघायला लागली. दादाभाऊनं आरशातून विचारलं, काय हरवलंय का. मी म्हटलं, हरवलं नाही, वाढलंय. तो म्हणाला, "राव, चष्म्याचा नंबर काढून घ्या. एकाची दोन दिसत्यात तुमाला."

मला ते पटलं. मी रविवारी जुन्नरला जाऊन नंबर काढून घेतला. नंबर होता तोच निघाला. डॉक्टर म्हणाला, या वयात इतकी चांगली नजर मी बघितली नाही.

सोमवारी नीट मोजली. एक जादा.

३

त्याच आठवड्यात मला ती सीट दिसली. दिसली म्हणजे रोज डोळ्यांसमोर होती, लक्ष आत्ता गेलं.

सोनीबाई नावाची एक बाई सुकट-बोंबील विकायला आण्याला येते. माझ्या गाडीला बारा-तेरा वर्षं आहे. डावीकडच्या सहाव्या रांगेत खिडकीला बसते. गाडी भरलेली, सात-आठ जणं उभी, आणि तिच्या शेजारची जागा मोकळी. आता बोंबलाच्या वासाला कोण बसणार, असं म्हणता येईल, आणि मीही तेच म्हटलं. पण उभी असलेली निम्मी माणसं तिचीच गिऱ्हाइकं होती. जानकू नावाचा आण्याचा एक म्हातारा त्या सीटचा दांडा धरून हेलकावे खात उभा होता. ऐंशीच्या घरातला माणूस. मी त्याला म्हटलं, बाबा, बसा की, जागा आहे.

तो म्हणाला, "बाई हायेत की तिथं."

मी म्हटलं, कुठं आहेत. त्यानं मान वळवून बघितलं. बराच वेळ बघितलं. "न्हाई व्हय. मला वाटलं हायेत," असं म्हणाला, आणि मग बसला नाहीच. पुढच्या रांगेत कुणीतरी उठून त्याला जागा दिली.

सोनीबाई मांडीवर टोपली घेऊन खिडकीला अगदी चिकटून बसली होती. चांगली धिप्पाड बाई ती, तिला एवढंसं अंग करून बसायचं काही कारण नव्हतं. मी म्हटलं, एवढी जागा असताना अवघडून कशाला बसतेस, टोपली खाली ठेव. ती म्हणाली, खाली कुठं ठेवू, पाय आहेत. बोलली आणि खाली बघितलं. शेजारच्या सीटखाली काही नव्हतं. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि हळूच टोपली खाली ठेवली.

४

माझी बायको स्नेहा. ती आण्याच्या शाळेत शिपाई होती. माहेर खोडदचं, त्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या ज्या रानात आहेत त्याला लागूनच त्यांचं शेत. सोळा वर्षं ती याच गाडीनं, माझ्याच गाडीनं, कामावर गेली. गाडीत मी तिच्याशी बोलत नसे. ड्यूटी म्हणजे ड्यूटी. तिचा पास होता, तो पहिले दोन-तीन महिने मी बाकीच्यांसारखा मागून बघितला, त्यावर ती घरी लई हसायची. नंतर मागणं सुटलं. सोनीबाईच्या शेजारी बसायची. आम्हाला मूलबाळ नाही. त्यामुळं घरात दोघंच, आणि गाडीतही एका अर्थी दोघंच.

एकवीस सालच्या एप्रिलमध्ये तिला ॲम्ब्युलन्समध्ये बसवलं. तोंडावर मास्क होता, डोळे तेवढे दिसत होते. मी म्हटलं, संध्याकाळी येतो. आत कुणालाच सोडत नव्हते. नवव्या दिवशी फोन आला. गेलो तर गुंडाळलेली होती, बांधलेली. आमच्याकडं माणूस गेलं की घरचे शेवटचं तोंड बघतात. सगेसोयरे लांबून येतात, तोंड बघितल्याशिवाय उचलू देत नाहीत. मी तिथं उभ्या असलेल्या पोराला म्हटलं, फक्त तोंड बघू दे. तो बिचारा स्वतःच रडकुंडीला आलेला. म्हणाला, काका, नाही जमत. त्याला तरी काय बोलणार.

आता खरी गोष्ट सांगतो, जी मी कुणाला सांगितलेली नाही. मला तिचा चेहरा आठवत नाही.

फोटो आहे घरात. जुन्नरच्या स्टुडिओत काढलेला, शाळेच्या ओळखपत्रासाठी. स्टुडिओवाल्यानं तिला गोरी केलीय, सगळं पुसून सपाट केलंय. ती अशी कधी दिसली नाही. पण कशी दिसायची म्हटलं तर मला सांगता येत नाही. चहा गाळताना कशी दिसायची, माझ्यावर वैतागली की कशी दिसायची. हात आठवतात, पाठ आठवते, आवाज तर कानात आहे. चेहऱ्याच्या जागी काही येत नाही. सव्वीस वर्षं संसार केला त्या माणसाचा चेहरा मी चार वर्षांत घालवून बसलो. मला याची इतकी लाज वाटते की मी खोडदला सासुरवाडीला जाणं सोडलंय. कुणी म्हणालं, तिची आठवण येते का, तर मी हो म्हणतो आणि विषय बदलतो.

तिला एकदा नीट बघायला मिळावं. इतकंच मागणं आहे माझं, दुसरं काही नाही.

५

आण्याच्या ज्युनिअर कॉलेजात सफा नावाची मुलगी मानसशास्त्र शिकवते. जुन्नरच्या वजीर मिस्त्रींची मुलगी. दोन वर्षांपासून माझ्या गाडीला आहे. स्नेहाला तिनं कधी बघितलेलं नाही. ती मला एक दिवस म्हणाली, काका, एक विचारू का, रागावणार नसाल तर.

म्हणाली, तुम्ही मागं जाताना त्या सहाव्या रांगेपाशी रोज एक गोष्ट करता. तिकिटांची बॅग डाव्या खांद्यावरून उजव्यावर घेता, आणि बोलत असाल तर आवाज खाली आणता. रांग ओलांडली की परत मोठ्यानं. मी म्हटलं, काहीतरी काय. ती म्हणाली, मी गेला आठवडाभर बघतेय.

मी त्या दिवशी परतीच्या वेळी रिकाम्या गाडीत त्या रांगेपाशी उभा राहिलो. बॅगेला पितळी कडी आहे. एकदा, लई वर्षांपूर्वी, ती कडी स्नेहाच्या कपाळाला लागली होती, भुवईच्या वर. रक्त आलं होतं. मी तेव्हापासून तिच्याजवळून जाताना बॅग दुसऱ्या खांद्यावर घ्यायचो. ती गेल्यावर ती सवय मोडली होती. मोडली होती असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी सफाला विचारलं, हे काय असतं. तिनं चांगलं समजावून सांगितलं, पोरांना सांगतात तसं. म्हणाली, डोक्याला मार लागलेली काही माणसं असतात, त्यांना घरच्यांचे चेहरे ओळखू येत नाहीत. सख्खी आई समोर बसली तरी म्हणतात, ही कोण बाई. पण त्यांच्या बोटांना तारा लावून फोटो दाखवले, तर परक्यांच्या फोटोला हात कोरडा राहतो आणि आईच्या फोटोला घाम येतो. तोंडानं म्हणत राहतात, मी हिला ओळखत नाही. सगळ्यांच्याच मेंदूत ते चालू असतं. ओळख आधी पटते, आपल्याला कळतं मागनं. कधी कधी कळतच नाही.

मी विचारलं, "आणि समोर कुणी नसताना हाताला घाम आला तर?"

ती म्हणाली, "तसं कुठं वाचलेलं नाही मी, काका."

मग ती खिडकीबाहेर बघत बसली. उतरताना मात्र दारापाशी थांबून हळूच म्हणाली, त्या रांगेजवळून जाताना मीपण ओढणी आवरून घेते, लागू नये म्हणून. कुणाला, ते मला माहीत नाही.

६

त्यानंतर मी डोळ्यांचा नाद सोडला आणि हाताकडं लक्ष द्यायला लागलो.

थंडीचे दिवस, पठारावर अंगात स्वेटर लागतो, आणि सहाव्या रांगेपाशी माझा उजवा हात असा भिजायचा की मशीन हातातून निसटायचं. दहाव्या रांगेपाशी कोरडा. परत येताना पुन्हा ओला. एक दिवस सहाव्या रांगेत हात कोरडाच राहिला. तसाच पुढं गेलो, तर नवव्या रांगेपाशी घाम फुटला. त्या दिवशी सोनीबाई आली नव्हती. नवव्या रांगेत खिडकीला एक लेकुरवाळी बसली होती, आणि तिचं पोर शेजारच्या मोकळ्या जागेकडं बघून हसत होतं. पोरं कशालाही हसतात, हे मला कळतं.

लोकांना वाटलं असेल मी घाबरलो. घाबरलोही. पण खरं सांगू का, मी रोज दाढी करायला लागलो. युनिफॉर्मला इस्त्री करून आणायला लागलो. आठवड्याची सुट्टी आली ती मी दुसऱ्याला देऊन टाकली. डेपोतले म्हणाले, रिटायर होताना कामाची गोडी लागली वाटतं. पावणेनऊ कधी वाजतात असं मला व्हायचं. जीव नुसता तिकडं ओढायचा. एकतीस तारखेला मी गाडीवरून उतरणार होतो, आणि त्यानंतर मी कुठला आणि ती कुठली.

एकदा मी चुकलो. हात भिजला तसा मी थांबलो आणि मुद्दाम, सगळा जोर लावून, सोनीबाईच्या शेजारी बघितलं. काय दिसणार? हिरवं रेक्झीन, एका कोपऱ्यात फाटलेलं, आतला पिवळा फोम. मध्ये सीट दबलेली होती. आमच्या गाड्यांचा फोम जुना झाला की दबलेलाच राहतो, त्यात काही नवल नाही. पण मी बघत असताना तो हळूहळू वर आला. कुणी उठल्यावर येतो तसा. तेवढ्यात माझा हात कोरडा झाला.

त्या दिवशी घाटातून आण्यापर्यंत मी दारापाशी दांडा धरून उभा होतो. मला थंडी वाजत होती. मी बघितलं की ती उठते, एवढं मला कळलं. नजर आपली आपण फिरत असते तेव्हा ती तिथं असते. मी बघायला गेलो की तिथं सीट असते. आणि मला तर बघायचंच होतं.

दादाभाऊला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. पण त्यानं त्या दिवशी घाट लई सावकाश चढवला.

७

आमच्या डेपोत एक रीत आहे. कंडक्टर असो की ड्रायव्हर, शेवटच्या फेरीला त्याची बायको गाडीत बसते. गाडीला झेंडूच्या माळा घालतात. दाराजवळची दोघांची सीट कंडक्टरची असते, तिथं तिला खिडकीला बसवतात, शेजारी तो. आण्याला पोचल्यावर गावातली माणसं दोघांना नारळ देतात. आयुष्यभर ज्या गाडीनं नवरा नेला, त्या गाडीत एक दिवस तिनं मानानं बसायचं.

दादाभाऊनं आदल्या दिवशी विषय काढला. म्हणाला, "वहिनींची जागा मोकळीच ठिवू. कुनाला बसू देयाची न्हाई. चालंल ना?" मी हो म्हटलं आणि तोंड धुवायला गेलो.

मी मनाशी ठरवलं होतं. शेवटच्या फेरीला मी मोजणार नाही, शोधणार नाही, वळूनसुद्धा बघणार नाही. तिकिटं आळेफाट्यापर्यंत उरकून आपल्या जागेवर बसणार, शेजारची जागा मोकळी ठेवणार आणि समोर रस्त्याकडं बघत राहणार. यायचं असेल तर ती येईल. हात सांगेल मला. आणि एकदा ती शेजारी बसली की डोळ्याच्या कोपऱ्यातून, हळू, न बघितल्यासारखं करून, मी तिचं तोंड बघणार. तेवढं झालं की मी सुटलो.

एकतीस तारखेला गाडी नवरीसारखी सजवली होती. जुन्नरच्या स्टँडवर हार घातले, पेढे वाटले. सफानं बॅगेला फुलांचा गुच्छ बांधला. सोनीबाई त्या दिवशी बोंबील न घेता आली, नवी साडी नेसून. नारायणगावला ओळखीची माणसं चढली, आळेफाट्याला आणखी. जो तो हात हातात घेत होता. माझ्या दोन्ही हातांना पेढ्याचा चिकटा, हाराचं पाणी, माणसांचा घाम. बेल्ह्याला तर दारातून आत यायला जागा नव्हती. मी सगळ्यांना ओरडून सांगत होतो, ह्या सीटवर कुणी बसू नका. माझा आवाज बसला.

बेल्हं सुटलं आणि मी माझ्या जागेवर टेकलो. समोर बघितलं. डोळे मिटले. म्हटलं, आता ये.

८

गुळुंचवाडीच्या अलीकडं शेजारी कुणीतरी बसलं. सीट हलली.

मी डोळे उघडले तर एक बाई येऊन बसली होती. सरळ माझ्या बायकोच्या जागेवर, खिडकीला. मी इतका वैतागलो की काय सांगू. एवढं ओरडून सांगितलं, एवढी रीत, एवढी फुलं ठेवली होती तिथं, आणि ही खुशाल मला ओलांडून आत जाऊन बसली. पन्नाशीची असेल. मी तिच्याकडं सरळ बघितलं, समोरासमोर. रुंद कपाळ, डाव्या भुवईच्या वर एक पांढरी बारीक खूण, एक पापणी दुसरीपेक्षा जरा खाली. पुढच्या दातांत फट. ती माझ्याकडं बघून हसत होती, लोक हसतात तसं, उगाच, ओळख असल्यासारखं.

मी म्हटलं, "बाई, ही जागा माझ्या बायकोसाठी ठेवलीय. तुम्ही मागं बसा."

ती हसायची थांबली. माझ्या तोंडाकडं बघत राहिली, मी काहीतरी दुसरं बोलेन असं वाटल्यासारखी. मी म्हटलं, उठा, उठा, घाट लागेल आता. मग ती गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठली, आणि माझ्या पुढून मागं गेली. जाताना मी पाय आखडून घेतले. मनात म्हटलं, चला, जागा मोकळी झाली. परत डोळे मिटून बसलो.

मशीन मांडीवरून खाली पडलं, तेव्हा मी हाताकडं बघितलं. मनगटापासून पाणी गळत होतं. मी पँटला पुसला, परत भिजला. आणि मग, मी बघत असताना, तो वाळायला लागला.

मी ओरडलो, दादाभाऊ, गाडी थांबव. घाटाच्या तोंडाशी गाडी थांबली. मी पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत एकेक तोंड बघत गेलो. हात प्रत्येकापाशी कोरडा. कुणाच्या अंगावर मी पडलो, कुणाच्या पायावर पाय दिला. सफा रडायला लागली, तिला काही माहीत नसताना. मी सोनीबाईला विचारलं, आत्ता माझ्या शेजारनं उठून मागं आली ती बाई कुठं गेली.

ती म्हणाली, "बसली व्हती खरी कुनीतरी." तिनं मागं वळून बघितलं. "तोंड न्हाई ध्यानात ऱ्हायलं, भाऊ."

मी तिला सांगितलं, कपाळ कसं होतं, पापणी कशी होती, दात कसे होते, भुवईवरची खूण कुठं होती. ती ऐकत होती. तिनं पदर तोंडाला लावला.

"असं काय इचारताय मला," ती म्हणाली. "इकती वर्सं संसार केला तुमी तिच्याशी."

आण्याला लोकांनी नारळ दिला. तो मी एकट्यानंच घेतला.

त्याला आता तीन महिने झाले. मी दर सोमवारी तिकीट काढून आण्याला जातो, दादाभाऊ मला पैसे देऊ देत नाही, मी देतो. हात कोरडा राहतो. गाडी मोजायचं काम आता दुसऱ्या कंडक्टरचं आहे, आणि त्याचा आकडा रोज जुळतो.

घरी डोळे मिटले की आता तिचा चेहरा येतो. रोज येतो, दिवसाही येतो, त्यात काही कमी नाही. कपाळ, पापणी, ती फट, हसू जाऊन जसं तोंड झालं होतं तसं. मी तिची माफी मागतो. मोठ्यानं मागतो, शेजारी ऐकतात. सोनीबाई म्हणाली म्हणून मला माहीत आहे ती कोण होती. पण मी तिच्याकडं कितीही वेळ बघत बसलो तरी मला आपलं हेच वाटतं, की ही कुणीतरी बाई आहे, आणि हिला मी कधी बघितलेलं नाही.